पान एकतीस, ओळ सात, शब्द चार

अंतराळयान परक्या ग्रहावर उतरवायला काय काय लागतं, असं मला कुणी विचारलं (विचारत कुणीच नाही, पण माझी तयारी असते), तर मी सांगेन: दोन अर्ज, एक आवक क्रमांक, अकरा घरांमधली उचकापाचक आणि तीन मोडक्या खुर्च्यांची फाइल. बाकी इंधनबिंधन दुय्यम आहे.

गेमचं नाव ‘वेल्डा स्टेशन’. तो मी जन्मायच्या कितीतरी आधीचा. त्यात गोळीबार नाही, गाड्या नाहीत, संगीत नाही. एक चित्र दिसतं, ते हलत नाही. खाली हिरवी इंग्रजी अक्षरं येतात आणि पुढं काय करायचं ते आपण टाइप करून सांगायचं. दार उघड. दिवा घे. आपलं इंग्रजी चुकलं तर तो एवढंच लिहितो, ‘मला समजलं नाही.’ हसत नाही, वर्गापुढं उभं करत नाही. इतकी सभ्य वागणूक मला इंग्रजीच्या तासाला आजवर मिळालेली नाही.

पप्पांच्या कार्यालयानं जुने संगणक निर्लेखित केले, म्हणजे सरकारनं त्यांच्यावरून हात काढून घेतला, तेव्हा पप्पांनी त्यातला एक लिलावात घेतला. हा गेम त्याच्या पोटात आधीपासूनच होता. कुठल्या तरी जुन्या साहेबानं दुपारच्या जेवणानंतर देशसेवेला म्हणून ठेवला असावा.

श्रीनिधी आणि मी दोन वर्षं दर रविवारी तो खेळलो. अवकाशातल्या त्या स्टेशनवर दोनच माणसं उरलेली असतात, एक कॅप्टन आणि एक इंजिनिअर. बाया की बुवा ते कळत नाही, कारण दोघांनाही हेल्मेट. आम्ही बायाच धरल्या. श्रीनिधी कॅप्टन, कारण ती आधी बोलली. मी इंजिनिअर, कारण मी तोंडातला चिवडा संपवत होते.

मे महिन्यात श्रीनिधीच्या बाबांची बदली नाशिकला झाली. आम्ही नेमक्या शेवटच्या दारापाशी होतो. ट्रक खाली उभा होता, तिची आई हाका मारत होती. तेव्हा श्रीनिधीनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली, “शेवट एकटीनं बघायचा नाही. व्हिडिओ कॉल लावायचा आणि दोघींनी मिळून.” शपथ तिनंच घातली, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

त्यानंतर माझे दिवस असे: सकाळची शाळा. साडेबाराला घरी. आई झरी गावच्या दवाखान्यात नर्स आहे, ती सहाच्या गाडीनं येते. पप्पा त्याच सुमाराला. मधले साडेपाच तास मी, पंखा आणि शेजारच्या घरातला कुकर. पंखा लाइट असली तर.

शेवटच्या दाराची अडचण अशी होती. दारापाशी स्टेशनचा संगणक विचारतो, ‘सोबतच्या पुस्तिकेतला पान ३१, ओळ ७, शब्द ४ टाइप करा. संधी तीन.’ तिन्ही चुकल्या तर स्टेशन स्वतःला नष्ट करतं आणि आपला दोन वर्षांचा खेळ पुसून टाकतं. ज्यांनी गेमची चोरून नक्कल केली ते शेवटी अडकावेत म्हणून बनवणाऱ्यांनी केलेली ही व्यवस्था. पण आपल्याकडच्या चोरानं पुस्तिकेचीही झेरॉक्स काढून ठेवली होती. संगणकाबरोबर वायरींच्या खोक्यात तो गठ्ठा आला होता. छान, एका बाजूनं छापलेला, मागून कोरा.

मागून कोरा. इथं माझ्या वडिलांना आणणं भाग आहे.

माझे वडील सिताराम, वरिष्ठ लिपिक, यांना पाठकोरा कागद दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते इतरांच्या चेहऱ्यावर हापूस बघून येतं. असा कागद ते फेकत नाहीत, फेकू देत नाहीत. स्टीलची पट्टी लावून त्याचे चार सारखे तुकडे करतात, वर टाचणी मारतात आणि त्याचं पॅड बनवतात. ते पॅड गल्लीत सगळ्यांना भेट जातं. लोक दिवाळीला मिठाई वाटतात, आम्ही बारा महिने चिठोऱ्या वाटतो.

“पप्पा, त्या वायरींच्या खोक्यातला झेरॉक्सचा गठ्ठा कुठंय?”

“वापरला की.”

“सगळा?”

“लय चांगला कागद होता,” पप्पा आठवणीनं हळवे झाले. “शाई फुटत नव्हती.”

इंटरनेटवर शोधलं. फिनलंडमधल्या एका माणसानं २००९ साली हाच प्रश्न विचारलेला सापडला. खाली उत्तर एकही नव्हतं. त्या माणसाबद्दल मला इतकी आपुलकी वाटली की मी त्याचं नाव पाठ केलं.

पहिली संधी मी स्वतः घालवली. ‘ओपन’ टाइप केलं. दाराला दुसरं काय सांगणार? चूक.

दुसरी संधी दिनकररावांनी घालवली. दिनकरराव आमच्या समोर राहतात, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि तारेला जोडलेली कुठलीही वस्तू आपल्या अखत्यारीत येते असं समजतात. त्यांच्याकडं चिठोऱ्या आहेत का विचारायला मी गेले आणि ते चिठोऱ्या न देता माझ्यामागं घरी आले.

“सरक तिकडं. तुला सांगतो शीला, दुनियेत कुटंबी जा, पासवर्ड हा ‘पासवर्ड’च असतो. आमच्या एक्स्चेंजमदी तीस वर्षं तोच होता.”

मी ‘थांबा काका’ म्हणेपर्यंत त्यांनी एका बोटानं तो शब्द हुडकून हुडकून टाइप केला आणि एन्टर मारलं. चूक. राहिलेली संधी एक.

“तुमच्या मशिनीतच फॉल्ट दिसतोय,” असा निर्वाळा देऊन ते चहाला बसले. माझ्या हातचा चहा पिऊन ‘साखर कमी झाली’ असंही म्हणाले.

त्या रात्री श्रीनिधीला फोनवर हे सांगितलं. ती हसली, पण मधेच कुणाला तरी “आले गं, एक मिनिट” म्हणाली. मग म्हणाली, “खूप मस्त, तू शोध शब्द, आपण रविवारी नक्की बघू.” फोन ठेवल्यावर मला बराच वेळ काहीतरी खटकत राहिलं. मग कळलं. ती ‘खूप’ म्हणाली होती. दोन महिन्यांपूर्वी ती ‘लय’ म्हणायची.

शोधमोहीम मी रीतसर काढली. रोज दुपारी दोन घरं. (या वर्षी मी तालुक्यात वक्तृत्वात दुसरी आलेय, त्यामुळं दार वाजवून उभं राहायची मला आता भीती वाटत नाही. पूर्वी मी दुकानात सुटे पैसे मागायलाही श्रीनिधीला पुढं करायचे.) माझ्या वडिलांच्या चिठोऱ्यांवर आमची गल्ली चालते, हे मला तेव्हा समजलं. कुणाच्या डब्यांना त्या चिकटवलेल्या, ‘जिरं’, ‘ओवा’. कुणी औषधाच्या वेळा लिहिलेल्या. एका घरी तर लग्नाच्या मुलीची सगळी माहिती एका चिठोरीवर होती आणि मागं, अवकाशात ऑक्सिजन संपल्यास काय करावे.

चांगुणाबाई शेजारच्याच. उन्हाळ्यात गल्लीभर पापड-कुरडया घालतात आणि वर्षभर सल्ले. त्यांनी बरणीच्या झाकणाखालून तेलकट चिठोरी काढून दिली.

“बघ बाई, हीच हाय का?”

“नाही मावशी, हे पान चौदा.”

“मग चौदाच टाक की. मशिनीला काय कळायलंय?”

“त्याला कळतं मावशी.”

“पण तू एकटीच काय करायलीस दिसभर त्या मशिनीम्होरं? ती बामणाची पोरगी गेली तवापासून तू उंबऱ्याबाहेर निघालीस ती आजच.”

मी म्हटलं, मी सध्या संशोधनात आहे. त्यांनी मला वाटीभर लसणाची चटणी दिली. संशोधनाला मिळालेलं हे माझं एकमेव अनुदान.

आठवडाभरात त्रेचाळीस तुकडे जमले. पान तीस होतं, बत्तीस होतं. एकतीसचा वरचा डावा तुकडा नव्हता. पप्पांना तुकडे दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि त्यांच्यातला लिपिक जागा झाला.

“त्यातलं एक पॅड मार्चमधी ऑफिसात नेलं होतं. एकतीस...” डोळे मिटले. “खुर्च्यांची फाइल. पताका ‘ब’ लावलेलं पान. त्या चिठोरीवर मी टिपणी लिहून फाइलीत चिकटवलीय.”

“मग उद्या आणाल?”

पप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिजोरीची किल्ली मागितली. “शासकीय फाइल आहे. मी माझ्या मुलीसाठी फाइल घरी आणू?”

“नुसतं मागं बघून शब्द सांगा.”

“ती फाइल आता माझ्या टेबलावर नाही. आश्रुबाच्या अभिलेख कक्षात गेली. त्याच्या कपाटात मी हात घालत नसतो, माझ्या कपाटात तो घालत नसतो. एकवीस वर्षं आमची दोस्ती त्याच्यावरच टिकलीय. तू अर्ज दे.”

तर मी अर्ज दिला. सख्ख्या वडिलांच्या कार्यालयात. आवक टेबलावर माझे वडीलच बसले होते. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला, “दिनांक राहिलाय” म्हणून परत केला, मी दिनांक घातला, त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाले, “आठ-दहा दिवसांत कळवण्यात येईल.” संध्याकाळी घरी त्याच माणसानं मला विचारलं, “काय गं, आज कुठं गेली होतीस?” 

मधल्या रविवारी श्रीनिधीचा क्लासचा पेपर होता, म्हणून फोन झाला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तिच्याकडं पाहुणे होते.

नवव्या दिवशी कळवण्यात आलं. आश्रुबा काका म्हणजे अभिलेख कक्षाचे लिपिक. बुटके, शांत, कानावर पेन्सिल. त्यांनी मला सही-शिक्क्याची सत्यप्रत दिली. त्यावर माझ्या वडिलांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘सादर. तीन खुर्च्यांचे पाय मोडलेले आहेत. चौथी डळमळीत आहे.’

“काका, मला मागची बाजू पाहिजे होती.”

“मागच्या बाजूला आमचं काय न्हाई, बाळ.”

“तिथंच तर छापलंय.”

“ते आमचं न्हाई ना. जे आमचं न्हाई त्याची सत्यप्रत आमी कशी देणार? उद्या कुणी म्हणंल हे इंग्रजी तुमीच लिव्हलं.”

युक्तिवाद बिनतोड होता. वक्तृत्वाला या माणसानं नाव दिलं असतं तर मी तिसरी आले असते. मी म्हटलं, मग नुसती बघू द्या. तर बघण्याला अवलोकन म्हणतात आणि त्याला वेगळा अर्ज लागतो. दुसरा अर्ज मी तिथंच उभ्यानं लिहिला आणि दिनांक आधी घातला.

शुक्रवारी अवलोकन झालं. चिठोरी चारी कडांनी खळ लावून घट्ट चिकटवलेली. सोडवू म्हटलं तर फाटणार आणि शासकीय मालमत्तेचं नुकसान होणार. मी रडकुंडीला आले होते, पण रडले नाही, कारण शाळेचा गणवेश अंगावर होता आणि त्यात रडलं की मूल दिसतं. आश्रुबा काका माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी फाइल उचलली, खिडकीशी नेली आणि ते एकच पान उन्हात धरलं.

कागदातून इंग्रजी उलटं दिसायला लागलं, त्यावर वडिलांचं मराठी सुलटं. वरून सात ओळी मोजल्या. उजवीकडून चार शब्द. ‘मोडलेले’च्या काना-मात्रांमधून एकेक अक्षर ओढून काढलं.

“काय लिव्हलंय?” काकांनी हळूच विचारलं.

“केटल.”

“किटली?”

“हो.”

“एवड्यासाठी दोन अर्ज,” ते म्हणाले, आणि का कुणास ठाऊक, आम्हा दोघांनाही हसू आलं. कार्यालयात आवाज चढू नये म्हणून त्यांनी फाइल तोंडासमोर धरली.

श्रीनिधीला लिहिलं, शब्द सापडला, रविवारी चार वाजता. तिनं तीन टाळ्या आणि एक रॉकेट पाठवलं. या वेळी दिवस टळून चालणार नव्हता. संगणक सुरू करताना आतून कटकट आवाज यायला लागला होता. पप्पू मोबाइलवाल्यानं कान लावून ऐकला आणि म्हणाला, “दीदी, डिस्क गेली. आता एकदा चालू होईल, लय झालं तर दोनदा. जे पाहायचं ते पाहून घ्या.” डॉक्टर लोक नातेवाइकांशी बोलतात तसा बोलला, त्यामुळं मी त्याला चहा विचारला.

बातमी गल्लीत गेली होती. ज्यांच्या चिठोऱ्या मी नेल्या होत्या त्या सगळ्यांना शेवटावर आपला हक्क आहे असं वाटत होतं. रविवारी साडेतीनलाच दिनकरराव घरची खुर्ची घेऊन आले, “इतकं फिरलीस तर बघू तरी.” चांगुणाबाई भिंतीला टेकून लसूण सोलत बसल्या. अजून पाच-सहा जणी. पप्पा आश्रुबा काकांना भेटायला गेले होते, आईची ड्यूटी होती. मी फोन डब्याला टेकवून पडद्याकडं तोंड करून ठेवला, म्हणजे श्रीनिधीला दिसावं. संगणक लावला. कटकटला, पण लागला.

चार वाजले. फोन केला. वाजून बंद झाला. चार दहाला पुन्हा. सवाचारला पुन्हा.

“लागत न्हाई का?” दिनकरराव. “रेंजचा प्रॉब्लेम असंल. नाशिकला डोंगर हायेत.”

“हो, डोंगर आहेत,” मी म्हटलं.

चार वीसला मेसेज आला. ‘अगं सॉरी सॉरी. मैत्रिणींबरोबर बाहेर आलेय, इथं खूप आवाज आहे. तू बघून टाक ना. मग मला सांग काय झालं.’

बघून टाक. मी तो मेसेज दोनदा वाचला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, “नळ आला.”

आमच्याकडं नळ नवव्या-दहाव्या दिवशी येतो आणि पाऊण तासात जातो. तो आला की लग्नात मुलगी उभी असली तरी मांडव रिकामा होतो. चांगुणाबाई लसणासकट उठल्या. दिनकरराव खुर्ची तिथंच टाकून पळाले. खोलीत मी, कटकटणारी डिस्क आणि फरशीवर लसणाची सालं उरलो. मलाही उठायला हवं होतं. हंडे रिकामे होते, आई सांगून गेली होती. पण मी उठले असते आणि तेवढ्यात मशीन गेलं असतं तर?

मी टाइप केलं. केटल. एन्टर.

दार उघडलं. नवीन चित्र आलं: खाली एक निळा-हिरवा ग्रह, आणि छोटं यान. मग हिरवी अक्षरं. मी सावकाश वाचली, मोठ्यानं, कारण मोठ्यानं मी वाचायचे आणि श्रीनिधी टाइप करायची, अशी आमची वाटणी होती. लिहिलं होतं की यान एकालाच खाली नेऊ शकतं. स्टेशनचं दार आतून कुणीतरी धरून ठेवावं लागेल, नाहीतर यान सुटणारच नाही. कोण जाणार? कॅप्टन की इंजिनिअर? आणि लुकलुकणारा चौकोन.

खरं सांगते, आधी मी ‘इंजिनिअर’ टाइप केलं. पूर्ण टाइप केलं. मनात म्हटलं, बस तू वर, दार धरून, मैत्रिणींबरोबर. बोट एन्टरवर होतं. बाहेर बादल्या आपटत होत्या, चांगुणाबाई कुणाला तरी “नळी तिकडं कर की” म्हणत होत्या. मी त्या शब्दाकडं बघत राहिले. दोन वर्षं ती पोरगी प्रत्येक दारात आधी घुसली होती. अंधाऱ्या बोगद्यात, दिवा नसताना. मी मागून सांगायचे, थांब, आधी विचार करू. खाली उतरून नव्या ग्रहावर काय करायचं हे मला सुचलंच नसतं. तिला सुचलं असतं.

एकेक अक्षर खोडलं. ‘कॅप्टन’ लिहिलं. एन्टर.

यान सुटलं, म्हणजे चित्रातला ठिपका लहान झाला. मग एक ओळ आली: ‘कॅप्टन सुखरूप उतरली. वर स्टेशनवर एक दिवा चालू राहिला.’ इंग्रजीत ‘उतरली’ की ‘उतरला’ ते नव्हतं, ते मी घातलं. मग काळा पडदा. सगळं मिळून चाळीस सेकंद. मी तशीच बसून राहिले, अजून काही येईल म्हणून. आलं नाही. डिस्कनं एकदा जोरात कटकट केली आणि गप्प झाली.

हंडे घेऊन बाहेर गेले. नळाची धार अर्धी झाली होती. चांगुणाबाईंनी स्वतःची बादली बाजूला करून मला जागा दिली.

“काय झालं गं शेवटी?”

“पोचली.”

“चला, बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचून आत गेल्या.

फोन वाजला. श्रीनिधीचा मेसेज. ‘बघितलास? काय झालं? पोचलो का आपण?’

मी ओल्या अंगठ्यानं लिहिलं, ‘एकीलाच जाता येत होतं.’

बराच वेळ ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं. थांबायची, परत लिहायची. मग आलं, ‘मग वर कोण राहिलं?’

‘मी,’ असं लिहिलं, आणि धार जायच्या आत दुसरा हंडा लावला.